कासिमिरसाठी निर्धोक बाग

बाग जितकी देखणी, तितकी ती कुत्र्याच्या जिवाला घातक, हे मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. भूखंड क्रमांक एकतीसमध्ये मी एप्रिलात मोजलं. क्षेत्रफळ दोनशे बावन्न चौरस मीटर. वनस्पतींच्या जाती एकशे अठरा. त्यांपैकी कुत्र्याला विषारी सेहेचाळीस, संशयित अकरा, निर्दोष एकसष्ट (त्यांत नऊ तणं). कुत्रा एक. नाव कासिमिर, वय नऊ, सगळं आयुष्य याच बागेत गेलेलं, प्रकृती उत्तम.

जर्मनीतल्या कासेल शहराच्या कडेला असलेल्या आमच्या ‘संध्याशांती’ बागसंघात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना बागेसाठी भाड्याने दिलेले एकशे चार भूखंड आहेत आणि नियमावलीत सत्तावन्न कलमं होती. यंदा अठ्ठावन्नावं आलं. ज्या बागेत पाळीव प्राणी येतो, ती त्याच्यासाठी निर्धोक असलीच पाहिजे. सप्टेंबरअखेर प्रमाणपत्र नसेल तर प्राणी बाहेर. कलमामागचा हेतू दयाळू होता. (निष्ठुर हेतूचं कलम आमच्याकडे अजून झालेलं नाही.)

एकतीस क्रमांक एबेलिंगबाईंचा. वय चौऱ्याहत्तर, घर शहरात चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. अध्यक्ष पोलमन यांनी कलम वाचून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “कासिमिर नाही तर मी पण नाही. किल्ल्या आत्ताच घेऊन टाका.”

पोलमन म्हणाले की किल्ल्या ऑक्टोबरात, रीतसर अर्जासोबत स्वीकारल्या जातील. प्रतीक्षायादीत दोनशे बारा कुटुंबं असल्यामुळे त्यांना घाई नव्हती.

वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे असल्याने काय उपटायचं ते मी सांगायचं ठरलं. पहिल्या आठवड्यात ट्युलिप, डॅफोडिल आणि कुंडीतली कण्हेर गेली. कासिमिर यांतलं काही खातो का, असं समितीने विचारलं. “नऊ वर्षांत एकदाच आजारी पडला,” बाई म्हणाल्या. “तुमच्या उन्हाळी मेळाव्यातलं सॉसेज खाऊन.” हे कार्यवृत्तात घेतलं गेलं नाही.

मग भाज्या. कांदा, लसूण विषारी. टोमॅटो आणि बटाट्याचा पाला विषारी. कच्च्या शेंगा विषारी. द्राक्षं तर फारच. सफरचंद निर्दोष, पण बी नव्हे. शिवाय पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या येतात. सॅलडची पानं निरुपद्रवी, पण त्यांवर गोगलगायी येतात, गोगलगायींतून जंत येतात, आणि गोगलगायी मारायचं औषध जंतांहून वाईट. दुसरीकडे कलम नऊ सांगतं की भूखंडाच्या एक-तृतीयांश भागात फळं-भाज्या असल्याच पाहिजेत. दोन्ही कलमं एकाच वेळी पाळू शकणारी भाजी मी तीन दिवस शोधली. ती गाजर निघाली.

बाईंनी चौऱ्याऐंशी चौरस मीटर गाजर पेरलं. बाकी हिरवळ.

आता फक्त कुंपण उरलं. कुत्र्याला ते ओलांडता येता कामा नये, असं अठ्ठावन्नावं कलम म्हणतं. ते सव्वा मीटरहून उंच असता कामा नये, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे, असं बारावं. कुंपणापलीकडे सॉसेज धरून आम्ही जूनमध्ये चाचणी घेतली. कासिमिरची उडी एक मीटर बत्तीस भरली. सात सेंटीमीटरांसाठी बाईंची बाग जाणार होती. समितीने प्रकरण पुढील निरीक्षणासाठी ठेवलं, म्हणजे सातही सदस्यांनी दर रविवारी दुपारी येऊन कुंपणाकडे पाहायचं.

रविवारी दुपारी बागेत पाहुणा आला की त्याला कॉफी आणि केक द्यावाच लागतो. यावर कलम नाही, कारण गरजच पडलेली नाही. जुलैच्या मध्यापासून केक गाजराचा. गाजर संपत नव्हतं. वर सायीचा थर. (मनुका घातल्या नाहीत, त्या कुत्र्याला विषारी.) कासिमिर टेबलाखाली बसे.

समितीच्या कार्यवृत्तात याबद्दल काही नाही, म्हणून माझी नोंद देतो. रविवार अकरा. पाहुणे मला धरून आठ. प्रत्येकाने दर वेळी एकच तुकडा खाली सोडला, अगदी लहान, इतरांच्या नकळत. पोलमन यांनी दोन. “काय रे गरीब बिचाऱ्या,” ते कुजबुजत, “तुझ्याकडे कुणाचंच लक्ष नाही.”

एकूण नव्याण्णव तुकडे. ज्या वाचकांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी हसण्याआधी आपला डावा हात कुठे आहे ते पाहावं.

अठ्ठावीस सप्टेंबरला अंतिम चाचणी झाली. तीच जागा, त्याच जातीचं सॉसेज, समिती पूर्ण उपस्थित. बाई कुंपणाशी मुठी आवळून उभ्या होत्या. तिसऱ्या प्रयत्नानंतर पोलमन यांनी जागेवरच सही केली आणि बाग बाईंकडे राहिली. बाईंनी एकदा प्रमाणपत्राकडे आणि एकदा कासिमिरकडे पाहिलं.

“आता याला चौथ्या मजल्यावर कोण नेणार, पोलमन?”

पोलमन म्हणाले की जिना संघाच्या हद्दीबाहेर येतो.

प्रमाणपत्राला माझी मोजमापं जोडलेली आहेत. विषारी जाती: शून्य. कुंपणाची उंची: एक मीटर पंचवीस सेंटीमीटर. कुत्र्याची उडी, तीन प्रयत्नांतली सर्वोत्तम: नऊ सेंटीमीटर.