तारे ठळक, सभासद पुसट

अंधार पडल्यावर गच्चीवर जाण्यास सक्त मनाई, हा आमच्या इमारतीचा नियम मीच केलेला. मी तिथला सेक्रेटरी. मग मी ताऱ्यांचा माग काढणारा कॅमेरा घेतला आणि माझाच नियम मला आडवा आला.

या कॅमेऱ्यातला सेन्सर ताऱ्यांच्या चालीने आतल्या आत सरकतो. त्यामुळे पाच मिनिटं फोटो घेतला तरी ताऱ्यांच्या रेघा होत नाहीत, ठिपकेच राहतात. माहितीपुस्तिकेत हे दोन पानांत समजावलं होतं. मी अर्धं वाचलं.

नियमापुढे सगळे सारखे, म्हणून मी स्वतःकडे रीतसर अर्ज केला आणि ‘हेतू संशयास्पद’ असा शेरा मारून फेटाळला.

“मग आता?” बायकोने विचारलं.

“अपील करणार.”

“कुणाकडे?”

“सेक्रेटरीकडे.”

“त्यांना म्हणावं, जेवण गार होतंय.”

अपील एका अटीवर मंजूर झालं. गच्ची एकट्यासाठी उघडता येणार नाही, उघडलीच तर सर्वांसाठी. त्यानुसार मी नोटीस लावली : शनिवारी रात्री आठ वाजता इमारतीचे सर्व दिवे बंद राहतील. सभासदांनी सामूहिक छायाचित्रासाठी हजर राहावे. पार्श्वभूमी : आकाश.

एक्केचाळीस जण आले. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर कोट घालून आले. आता कॅमेऱ्याला दिशा कळावी म्हणून तो हातात धरून तिन्ही अंगांनी फिरवावा लागतो. मी फिरवू लागलो. पडद्यावर आलं, ‘पुन्हा करा.’ मी पुन्हा केलं.

“सेक्रेटरी डास मारतायत का?” मागून कुणीतरी विचारलं.

लोखंडी टाकीजवळ कॅमेऱ्यातलं होकायंत्र बिघडतं, हे न वाचलेल्या अर्ध्यात होतं. सात वेळा घुमवून, टाकीपासून लांब गेल्यावर एकदाचं जमलं आणि मी कॅमेरा तिपाईवर बसवला.

“पाच मिनिटं कुणीही हलायचं नाही!” मी दरडावलं. कुणी हललं नाही. मीही पडद्यावरचे सेकंद सोडून कुठे पाहिलं नाही.

फोटोत एकेक तारा टाचणीच्या टोकासारखा आला. सेन्सर ताऱ्यांबरोबर सरकत गेला, त्यामुळे स्थिर उभे असलेले सगळे फरफटले. हेडमास्तरांचं नाक कानापर्यंत गेलं होतं.

रविवारी तातडीची सभा भरली.

“मी पाच मिनिटं श्वाससुद्धा बेताने घेतला,” हेडमास्तर म्हणाले, “आणि तुमचा कॅमेरा माझ्याकडे बघतच नव्हता?”

“सर, तो ताऱ्यांकडे बघत होता.”

“नोटीस कुणाला काढली होती? ताऱ्यांना की आम्हाला?”

मी इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं लिहिलं, राजीनामा दिला आणि पदावर दुसरं कुणी नसल्याने तो मीच मंजूर केला.

“निदान तू तरी तारे बघितलेस ना?” घरी आल्यावर मी बायकोला विचारलं.

“कसे बघणार? तुम्ही आम्हाला त्यांच्याकडे पाठ करून उभं केलं होतंत.”

फोटो इमारतीच्या ग्रुपवर अजून आहे. त्यात हजारेक तारे असतील. त्यांतला एकही आजवर कुणी बोटांनी मोठा करून पाहिलेला नाही. दुसऱ्या रांगेतला नेमका कोणता डाग आपला, यावर मात्र रोज वाद चालतो.

हसू नका. तुम्ही त्या फोटोत नाही, म्हणजे तुम्ही तर तो दोन सेकंदांत पुढे सरकवाल.