पाचटाखालचा बटाटा

आमच्या शेजारचे तात्या भर थंडीत, आभाळ निरभ्र असताना, वाफ्यात छत्री उघडून उकिडवे बसतात. तात्या उन्हात आणि छत्री बटाट्यावर!

"उजेड लागला की हिरवा पडतोय," एकदा त्यांनी कुजबुजत सांगितलं.

"मग उघडून बघताच कशाला?"

"बघितल्याबिगर कळंल कसं?"



जोतिबाच्या वाटेवर आमची दोन घरं लागून आहेत. तात्या कृषी महाविद्यालयात भाजीपाला शिकवायचे. बटाट्याला मातीची भर लावा, असं पोरांना आयुष्यभर घसा फोडून सांगितलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच उलटले. आता म्हणे बेणं पुरायचंच नाही. मातीवर नुसतं ठेवायचं आणि वर उसाच्या पाचटाचा, म्हणजे वाळक्या पाल्याचा, जाड थर द्यायचा. खणणं नाही, भर नाही, फवारणी नाही, पाणीही बेतानं. काढणीला पाचट बाजूला करायचं, की खाली बटाटे तयार. असा हा प्रयोग.

पाचटासाठी हा गृहस्थ कुणाच्याही रानात घुसतो. ऊसतोड झाल्यावर कुणी पाचट पेटवताना दिसला की स्कूटर तिथंच आडवी. "पावणं, विझवा की ती काडी! माझ्या बटाट्याची वाकळ जाळताय व्हय?" समोरचा एवढा गांगरतो की वर भारे बांधून देतो.

चव बघायला आम्ही शेजारी असतोच. दोन ताटल्यांत उकडलेल्या फोडी, एक साध्या वाफ्यातली, एक पाचटातली. कुठली कोणती ते तात्या सांगणार नाहीत आणि आम्ही मीठ मागायचं नाही. "मीठ खोटं बोलतंय!" माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांनाही सोडलं नाही. व्याही बिचारे "दोन्ही छान" म्हणाले. "हे उत्तर न्हाय," तात्यांनी सुनावलं आणि आणखी एक फोड पुढं केली.

पण प्रयोग काही जमेना. पहिल्या वर्षी वाऱ्यानं पाचट उडवलं. दुसऱ्या वर्षी उंदरांनी त्यात संसार थाटला. गेल्या वर्षी थर पातळ पडला आणि निम्मे बटाटे हिरवेगार निघाले. शेवटी त्यांच्या थोरल्या भावानं, अण्णांनी, निर्वाणीचं सांगितलं, "यंदा न्हाय जमलं तर त्या पट्ट्यात ऊस. बास झालं संशोधन."

तात्यांचं जेवण तुटलं. मला नवलच वाटायचं. त्याच पट्ट्यात पूर्वी त्यांच्या पत्नी, सुमनकाकी, साध्या पद्धतीनं पोत्यानं बटाटे काढायच्या. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून परसात पाऊल नाही. "खुरपं धरता येत न्हाय, जाऊन काय बघत बसू?" असं म्हणून त्या मागच्या दाराकडं पाठ करून बसायच्या.

"एवढा खटाटोप कशासाठी, तात्या?" मी विचारायची.

"माती वाचती, पाणी वाचतंय," ते घाईघाईनं म्हणायचे आणि विषय बदलायचे.

काढणीच्या सकाळी आम्ही सगळे वाफ्याशी जमलो. अण्णा पाचट उचलायला वाकले, तसे तात्या ओरडले, "कुणी हात लावायचा न्हाय!" आत गेले आणि काकींना धरून, हळूहळू चालवत घेऊन आले. वाफ्याच्या कडेला बुटकी खुर्ची आधीच मांडलेली होती.

काकी चिडल्या. "सगळ्यांसमोर कशाला आणलासा? एका हातानं मी काय करू?"

"एकच लागतोय," तात्या म्हणाले. "खुरपं लागत न्हाय, वढाय लागत न्हाय. बघ तर खरं."

इतकी वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो.

काकींनी डाव्या हातानं पाचट सारलं. खाली मुठीएवढा बटाटा होता. त्यांनी तो उचलला, उजेडात फिरवून पाहिला. पिवळसर, स्वच्छ. शेजारी आणखी होते. त्यांचा हात भराभर चालू लागला.

"ऊस पलीकडं लावू," अण्णा खाली बघत म्हणाले आणि त्यांनी बटाटे भरायची बुट्टी काकींच्या जवळ सरकवली.

एक बटाटा काकींच्या हातातून निसटून वाफ्यात गेला. तात्या झटकन वाकले. काकींनी त्यांच्या हातावर चापट मारली.

"सरा बाजूला. माझं मला काढू द्या."

तात्या बाजूला सरले. इतक्या आनंदानं बाजूला सरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.