वस्तीच्या बोटाला शाई

बनुबाईंनी बोट राखेनं घासलं, लिंबानं घासलं, शेवटी दगडावर घासलं. शाई काही हलेना.

"गुर्जी, आता मत कसं टाकायचं वो? लोक म्हंतील, म्हातारी आदीच कुटंतरी टाकून आली!"

दानीएल गुरुजींच्या हातातला चहा निवून गेला. निवृत्तीनंतर ते चर्चच्या ओसरीत वस्तीवरच्या मुलांना शिकवत. मुलांना राज्यघटना कळावी म्हणून त्यांनी कालच वर्गप्रमुखाची निवडणूक घेतली होती. लोकशाहीत कुणी बाहेर राहू नये, म्हणून पोरांच्या आयाबापांना आणि आजीआजोबांनाही मत द्यायला बोलावलं होतं. शाई ओळखीच्या प्रयोगशाळेतून मुद्दाम पक्की करून आणलेली. आणि आज ग्रामपंचायतीचं खरं मतदान! आपल्या धड्यापायी सगळ्या वस्तीचं मत बुडणार, या धास्तीनं गुरुजी चपला उलटसुलट घालूनच केंद्राकडे पळाले.

तिथल्या मुख्य अधिकारी अश्विनी मॅडमनी मान हलवली. "बोटाला शाई दिसली की मत नाही, गुरुजी."

"पण मॅडम, मतदान अजून सुरूच झालं नाही. मशीन रिकामं असल्याचं तुम्ही आत्ताच सगळ्यांना दाखवलंत. मग यांनी मत टाकलं कुठं?"

मॅडम थबकल्या. "बरं. सुरू व्हायच्या आत जे बोट दाखवतील, त्यांना मधल्या बोटाला शाई लावू. नंतर आलेल्यांचं मी ऐकणार नाही."

गुरुजी पुन्हा पळाले.

"आत्ताशी लाईट आली हाय, गुर्जी," उसाला पाणी देता देता कानिफनाथ ओरडला. "सरी फुटंल!"

"फुटू दे! मत पाच वर्षांनी येतं!"

रंगनाथ मोरीत साबण लावून बसला होता. "अंगावर पानी तरी घिऊ द्या!"

"एकच तांब्या घे!"

अर्धवट ओली, अर्धवट चिखलानं भरलेली वस्ती बोटं वर करून केंद्रात शिरली, आणि तेवढ्यात मतदान सुरू झालं.

सगळ्यांची मतं पडल्यावर गुरुजींनी घाम पुसून हात पुढे केला. मॅडमनी बोट निरखलं.

"अख्ख्या वस्तीला शाई आणि तुमचंच बोट कोरं? इथलेच ना तुम्ही?"

"मी कालच्या निवडणुकीचा अधिकारी होतो. अधिकाऱ्याला कुठलं आलंय मत?"

"असतं की! मी माझं टपालानं दिलंय."

दारातून बनुबाई म्हणाल्या, "म्हंजी समदी आत आली, आन् तुमीच भायेर ऱ्हायला व्हय, गुर्जी?"

गुरुजींना हे फार लागलं. मत टाकून ते तडक चर्चच्या ओसरीत गेले. मुलांची मतमोजणी अजून व्हायची होती. आपलंही एक मत पेटीत टाकावं, एवढीच इच्छा. पेटीवर दुसरीतली आराधना मांडी घालून बसली होती.

"टायम कालच संपला, गुर्जी."

"अगं, एकच चिठ्ठी..."

"आता मंत्री आला तरी न्हाई," आराधना म्हणाली. "तुमीच शिकवलंय ना?"