मापाला माणूस

दामोदर वेखंडे नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी उंची विचारत.

नवे कार्यकारी अभियंता रुजू झाले तेव्हाची गोष्ट. पहिल्या दिवशी ते शाखाशाखांतून ओळख करून घेत फिरत होते. आरेखन शाखेत आले. वेखंडे टेबलामागून उठले, नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, तुमची हाईट?" साहेब गोंधळले, पण कुठल्या तरी फॉर्मवर भरायची असेल असं समजून पाठ ताठ करून म्हणाले, पाच फूट दहा. वेखंडे हळहळले. "लई झाली. उपयोग नाय," म्हणाले आणि खाली बसून नकाशावर रेघा ओढू लागले. साहेबांनी नंतर दोघातिघांना विचारून पाहिलं की कशाला उपयोग नाही. ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

भातसानगरच्या वसाहतीत याबद्दल बरेच तर्क होते. कुणी म्हणे वेखंडे लग्नं जुळवतात. कुणी म्हणे त्यांचा भाचा पोलीस भरतीत लटकलाय, त्याचा हा धक्का. पोस्टमन, दूधवाला, धरण बघायला आलेले पाहुणे, कुणी सुटलं नाही. उत्तर ऐकलं की वेखंडे मान हलवत आणि विषय संपे.

मी नाशिकहून बदलून आलो तो भांडारपाल म्हणून. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मुलांच्या शाळेसाठी बायको नाशिकलाच राहिली, आणि वसाहतीतल्या दोन खोल्यांत मी एकटा. माझा स्वभाव याद्यांचा आहे. भांडारात बोल्ट किती, दोरखंड किती, हे तर असतंच. घरीसुद्धा भिंतीवर आठवड्याची यादी लावलेली असते. रविवारची यादी अशी होती: कपडे, दाढी, पत्र, भाजी. साडेदहाला ती संपायची. त्यापुढचा रविवार कशाने भरायचा हे मला कधीच लिहिता आलं नाही.

वेखंडे शेजारच्या बिऱ्हाडात राहत. पहिल्याच संध्याकाळी दारात आले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. इथे एक कबूल करायला हवं. शाळेत कवायतीच्या रांगेत मी कायम पहिला असायचो, आणि ती काही हुशारीची रांग नव्हती. त्यामुळे उंची सांगताना दीड इंच वाढवायची माझी जुनी सवय. मी म्हणालो, पाच अडीच.

वेखंड्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग माझ्या चपलांकडे पाहिलं. "पाच एक," म्हणाले. "बेस." आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझी उंची ऐकून कुणाला तरी आनंद झाला. त्या रात्री त्यांच्याकडून कोळंबीचं कालवण आलं.

तेव्हाच त्यांची दुसरी खोड कळली. कालवणाचं भांडं ठेवता ठेवता त्यांनी माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. मला ते सरळच वाटत होतं. त्यांनी खिशातून बोटाएवढी पाणसळ काढली, गवंडी ओळंबा-पातळी बघायला वापरतात तसली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, आणि कॅलेंडरच्या पट्टीवर धरून मला दाखवली. "बघा इष्टोरसाहेब. वाकडं व्हतं." ती पाणसळ सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी असायची. वसाहतीत एकही फोटो, आरसा, देवाची तसबीर तिच्यातून सुटली नव्हती. सत्यनारायणाला त्यांना बोलवायचं तर चौरंग आधी नीट मांडून ठेवा, असं बायका एकमेकींना बजावत.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात एक मोठा पत्र्याचा डबा होता. झाकण काढून त्यांनी तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कॅमेरा बाहेर काढला.

"तांदूळ वल खातो," म्हणाले. "बुरशी धरत नाय मग भिंगाला."

कॅमेरा किती दिवस तांदळात आहे, मी विचारलं. चौदा वर्षं, म्हणाले. मग तांदूळ? तो दर साली बदलायचा. किन्हवलीला भावाकडे नवं भात झालं की दहा किलो तांदूळ यायचा, जुना काढून खायचा, नवा भरायचा. चौदा वर्षं त्यांनी एकही फोटो काढला नव्हता आणि चौदा वर्षं तांदूळ बदलला होता. मी भांडारातला माणूस. न वापरलेल्या वस्तूची इतकी देखभाल मी सरकारी नोकरीत तरी पाहिली नव्हती.

उंचीचं कोडं तेव्हा सुटलं. धरण बांधत होते त्या काळात कामाचे फोटो वेखंडेच काढत. भिंत किती चढली हे वरच्या कार्यालयाला कळावं म्हणून फोटोत एक माणूस उभा करायचा. माणसावरून भिंतीची उंची समजते. त्याला ते म्हणत 'मापाला माणूस'. सुट्टीच्या दिवशी ते डोंगरांचे फोटो काढत, तिथेही तोच नियम. "मापाबिगर डोंगर म्हंजे मातीचा ढीग," असं त्यांचं म्हणणं. आता त्यांना पुन्हा डोंगरात जायचं होतं आणि मापाला मी हवा होतो. पाच एकच का, पाच दहा का नाही, हे मी विचारलं नाही. निवड झाली या आनंदात होतो.

त्यांनी मला एक कागद दिला. आरेखकाच्या ताशीव अक्षरात बारा जागा लिहिलेल्या, क्रमाने. माहुलीची सोंड, आजोबाचा डोंगर डेहण्याच्या बाजूने, उंबरमाळीच्या वरचा कडा, वैशाखऱ्यातून नाणेघाट, असं करत बारावी जागा मुरबाडच्या टोकाला, देहरीचं पठार, गोरखगडाच्या सुळक्यांखाली. मी ती यादी माझ्या वहीत उतरवली, एसटीच्या वेळा काढल्या आणि त्याखाली सामान लिहिलं: पाणी, भाकरी, चटणी, आयोडीन, बुटांच्या जादा नाड्या. वेखंड्यांनी वाचून त्यात एकच भर घातली. छत्री.

छत्री साधी काळी होती, पण तिच्यावर पांढरं कापड शिवलेलं. बारीक, एकसारखे टाके. लांबून ठिपका नीट दिसावा म्हणून.

तर नोव्हेंबरातल्या एका रविवारी, आभाळात ढगाचं नाव नसताना, माहुलीच्या सोंडेवरच्या एका खडकावर पांढरी छत्री उघडून मी उभा राहिलो. खालून गवताचे भारे घेऊन तिघी बायका चालल्या होत्या. त्यातली एक थांबली. "ओ बाबा, पाऊस कुठं हाय?" दुसरी म्हणाली, "अगो, नवरदेव हाय तो. वरात चुकलीय." त्या वळणाआड जाईपर्यंत हसत होत्या. तिकडे वेखंडे कॅमेऱ्याच्या तिपाईवर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये आणत होते. त्यांना वीस मिनिटं लागली.

चौदा वर्षांनी डोंगर चढणं त्यांनाही सोपं नव्हतं. पण दमलो असं ते कधी म्हणाले नाहीत. दर शंभर पावलांवर थांबत, खांद्यावरची तिपाई उतरवत, कपाळावर आडवा हात धरत आणि म्हणत, "उजेड बघतो जरा." त्यांचा श्वास ताळ्यावर आला की उजेड बघून झालेला असे. पुढे पुढे मीही उजेड बघायला शिकलो. आमच्यात बोलणं फारसं नसे. एका जागेला एकच फोटो. दुसरा काढायचा नाही. मी एकदा म्हटलं, तो समोरचा धबधब्याचा कडा किती सुंदर आहे, त्याचाही घ्या की. "यादीत नाय," म्हणाले. यादी करणाऱ्या माणसाला यापुढे बोलण्यासारखं काही राहत नाही.

दोन हिवाळ्यांत अकरा जागा झाल्या. अकरा नावांपुढे मी खुणा केल्या. माझे रविवार भरले. नाशिकच्या पत्रात पहिल्यांदाच हवापाण्याखेरीज काहीतरी लिहायला मिळू लागलं.

बाराव्या जागेपाशी मात्र गाडं अडलं. एका रविवारी उजेड बरा नव्हता. दुसऱ्या रविवारी गुडघा. तिसऱ्या रविवारी मी बाहेर डोकावून सांगितलं की उजेड उत्तम आहे, तर ते घराच्या दारातच उभे राहून म्हणाले, "तिकडं नसंल." आणि आता खरोखरच घाई होती. फेब्रुवारी उजाडला की आमच्या भागात राब भाजायला सुरुवात होते. शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात, आणि सगळ्या खोऱ्यात निळा धूर साचतो. मग पावसापर्यंत लांबचा डोंगर दिसत नाही. आणि मे महिन्यात वेखंडे निवृत्त होणार होते. घर सोडायचं, किन्हवलीला भावाकडे जायचं. भावाच्या घरात तिपाई ठेवायला तरी जागा आहे का, असं मी विचारलं होतं. त्यांनी माझं कॅलेंडर पुन्हा एकदा सरळ केलं होतं.

जानेवारीच्या अखेरीस मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि जरा कडक बोललो. म्हटलं, अकरा खुणा झाल्यात, बारावी राहिली तर ती वही मला बघवणार नाही. जायचं नसेल तर स्वच्छ सांगा, मी नाव खोडतो.

वेखंडे उठले. कपाटातून काळ्या कागदाचा एक आल्बम आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

डाव्या पानांवर जुने फोटो होते, उजव्या पानांवर आमचे. जागा त्याच, कोनही तोच. माहुलीच्या त्याच खडकावर तीच पांढरी छत्री. फक्त डावीकडच्या छत्रीखाली लुगड्यातली एक बाई होती, चेहरा न ओळखू येण्याइतकी लहान. प्रत्येक फोटोखाली ताशीव अक्षरात जागेचं नाव आणि त्याखाली: माप, पाच फूट एक इंच. वेखंड्यांची बायको वारल्याचं वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं, मलाही. ती केवढी होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी पानं उलटत गेलो. अकराही फोटो पाणसळीवर घेतलेले, रेषेत. बारावा वाकडा होता. दोन्ही सुळके डावीकडे कललेले, जणू घसरून पडतील. आणि त्यात छत्री घेऊन वेखंडे उभे होते, तोंड उघडं.

"हा तिनी काढला," वेखंडे म्हणाले. "दरवेळी मीच का उभी, एकडाव तुमी जा, म्हनली. पाणसळ काढून टाकली. मी तिथनं वरडतोय, सरळ धर गो, सरळ धर."

मी पुन्हा त्या कललेल्या सुळक्यांकडे पाहिलं.

"उतरताना सगळी वाट बोललो तिला. फोटो वाया घालवलास म्हनून. देहरीपरेंत." पानाचा दुमडलेला कोपरा सरळ करत म्हणाले, "ती म्हनली, पुढल्या टायमाला तुमीच काढा. मग पावसाळ्यात कावीळ झाली."

त्यांनी आल्बम मिटला, टेबलाच्या कडेला समांतर ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. चहा घेताना मी म्हटलं, रविवारी मुरबाडहून म्हशामार्गे सकाळची एसटी आहे. ते म्हणाले, "बरं."

त्या रविवारी पठारावर पोचेपर्यंत वेखंड्यांनी एकदाही उजेड बघितला नाही. मलाच दोनदा बघावा लागला. खाली दूर कुठेतरी पहिला राब पेटला होता, पण धूर अजून सरळ वर जात होता आणि सुळके स्वच्छ दिसत होते. मी सवयीने छत्रीकडे हात केला. त्यांनी ती स्वतःकडे घेतली.

तिपाई उभी केली, कॅमेरा बसवला, डोळा लावून बराच वेळ पाहिलं. मग कॅमेरा तिपाईवरून सोडवला आणि माझ्या हातात दिला. त्यावरची पाणसळ काढून खिशात टाकली.

"वेखंडे, हातात धरून वाकडा येईल," मी म्हटलं.

"तुमी दाबा फक्त."

ते चालत पठाराच्या टोकाला गेले. जाताना एकदाच थांबले, पायाखाली काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि दोन पावलं उजवीकडे सरकून उभे राहिले. छत्री उघडली. मी भिंगातून पाहिलं. माझा हात स्थिर आहे. बावीस वर्षं तराजूचे काटे वाचलेत; मला सरळ धरता येतं. क्षितिज अगदी बरोबर रेषेत होतं आणि त्याच्यावर ठिपक्याएवढे वेखंडे.

तेवढ्यात त्यांचं तोंड उघडलं. ते काहीतरी ओरडत होते. वारा माझ्याकडून तिकडे वाहत होता, त्यामुळे एक शब्दही माझ्यापर्यंत आला नाही. पण काय ते मला माहीत होतं. दोन्ही सुळके डावीकडे कलेपर्यंत मी कॅमेरा वाकवला आणि बटण दाबलं.

ते परत आले. कॅमेरा घेतला, पिशवीत ठेवला, छत्री मिटून दोरी बांधली. आम्ही उतरू लागलो. ते पुढे, मी मागे. झाडीतली वाट लागली तेव्हा वेखंडे म्हणाले, "बेस आला फोटो."

रोल कॅमेऱ्यातच होता. धुवायला तो कल्याणला जाणार, परत यायला आठवडा लागणार. हातात कागद आल्याशिवाय आणि त्यावर पाणसळ ठेवल्याशिवाय हा माणूस कुठल्याच फोटोला बरा म्हणत नसे. मी हे बोलणार होतो. पण त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वळणावर ते पुन्हा म्हणाले, "खरंच बेस आला." मग ओढा उतरताना. मग करवंदीच्या जाळीपाशी. असं देहरीपर्यंत, सगळी वाट.