अळीनं चाखलेलं पान

वडनेर भोलजीच्या बाजारात भोकं पडलेली भाजी मुद्दाम शोधून घेणारं गिऱ्हाईक एकच, कौसाबाई. ती लांबून दिसली की भाजीवाल्या किडकी मेथी वर काढून ठेवत. ती जुडी उन्हाकडे धरायची, पानांना भोकं दिसली की चेहरा उजळायचा. एकही डाग नसलेली लुसलुशीत जुडी मात्र विंचू धरावा तशी दोन बोटांत धरून बाजूला ठेवायची. "अळीनं तोंड नाही लावलं, ते माह्या सशाईले काऊन देऊ?"

होय, ससे. दोन पांढरे ससे.

कौसाबाई मुळात निंदणाऱ्या बायांची म्होरकी. वीस बाया घेऊन ती शेतात उतरली की संध्याकाळी तण औषधालाही सापडत नसे. मग तणनाशक आलं. पाठीवर पंप अडकवलेला एक माणूस वीस बायांचं काम उरकू लागला आणि तिला कुणी बोलवेना. घरात ती एकटीच. एके दिवशी ती मलकापूरहून पिशवीत दोन ससे घेऊन एसटीतून उतरली. गाव हसलं, मीही हसलो.

"या वयात हे काय, मावशी?"

"खुरप्याले काम पायजे न रे. गंजून राह्यलं ते."

तेव्हापासून रोज सकाळी ती शेतांच्या धुऱ्यांवर. धुरा म्हणजे आमच्याकडचा बांध. केना, पाथरी, हरळी खुडायची. गाजरगवत, रुई, धोतरा दिसला की त्याला एक शिवी घालून पुढे जायची. तण ओळखणं तिच्या हातचा मळ. भीती एकच, फवारणीची. म्हणून भेटेल त्याला पहिला प्रश्न, "फवारलं काय रे?" लग्नाच्या पंगतीत तिने नवरदेवाच्या बापाला हेच विचारलं. माझे वडील गेले तेव्हा भेटायला आली, रडली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "धुऱ्यावर फवारलं काय?" मला एकाच वेळी राग आला आणि हसूही आलं.

लोक तिला काहीही सांगत. फवारून 'नाही' म्हणत; कुणी तिची ब्याद नको म्हणून न फवारताच 'हाव' म्हणत. "मानूस खोटं बोलते, अळी नाही बोलत," असं तिचं मत. माणसांत तिचा भरवसा एकट्या माझ्यावर होता. का, ते मला कधी कळलं नाही.

गेल्या श्रावणात तिने असंच विचारलं, मी 'नाही' म्हणालो. खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपवाला मोकळा सापडला आणि मी धुरा फवारून घेतला. कौसाबाईला सांगायला हवं, हे मनात आलं होतं. चहा पिता पिता राहून गेलं. दुपारी मी शेतात नसताना ती माझ्या 'नाही'वर विसंबून आली. केन्याच्या पानांना भोकं होती, पण ती अळीनं आदल्या दिवशी पाडलेली. फवारलेलं पान पिवळं पडायला दोन-तीन दिवस लागतात. तिने ओचा भरून केना नेला.

दोन्ही ससे दुसऱ्या दिवशी मेले. मी गेलो तेव्हा ती रिकाम्या पिंजऱ्याजवळ बसली होती.

"अळी खोटं बोलली रे," म्हणाली.

मी मान खाली घातली. इतका नालायक, की तेव्हाही खरं सांगितलं नाही.

आठवड्याने ती पुन्हा माझ्या धुऱ्यावर हजर. "फवारलं काय रे?" दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पिंजरा रिकामा आणि ही रोज विचारतेय. बाई भ्रमिष्ट झाली, असं लोक म्हणू लागले. मला घास गोड लागेना. शेवटी एका सकाळी तोंड उघडलं.

"मावशी, ससे तं राह्यले नाहीत. रोज काऊन इचारते? त्या दिवशी म्याच फवारलं होतं."

"मालूम हाय. तिसऱ्या दिवशी तुहा धुरा पिवळा पडला होता."

"मंग बोलली काऊन नाही?"

तिने खुरप्याची माती पदराला पुसली. "बोलली असती तं तू मले पाहून रस्ता बदलला असता. मंग सकाळी इचारू कोनाले?"

इतका मोठा माणूस मी, पण भर शेतात डोळे भरून आले.

"आता सांग. फवारलं काय?"

"नाही, मावशी."

"मंग सरक."

ती उकिडवी बसून निंदू लागली. नव्याने फुटलेल्या केन्याचं भोक पडलेलं एक पान हाताला लागलं, ते तिने उन्हाकडे धरून पाहिलं आणि ओच्यात टाकलं.