लालासाहेबांची होल्याची कॅसेट

"बंदुकीनं शिकार कुणीबी करंल, नाथाजीराव. आमी टेप लावून करतो! होलं आपल्या पायानं चालत येत्यात!"

उंब्रजच्या लालासाहेबांनी ही फुशारकी मारली ती होणाऱ्या व्याह्यांपुढं. फलटणच्या नाथाजीरावांच्या मुलानं लालासाहेबांच्या लेकीला, साक्षीला, पसंत केलं होतं, पण नाथाजीराव काही सुपारी फोडायचं नाव काढीनात. "रविवारी येतो. होल्याचा रस्सा खाऊ, मग बोलू," एवढं म्हणून ते उठले. झालं! पोरीचं लग्न होल्यावर, त्या मूठभर पाखरावर, येऊन अडलं.

लालासाहेबांना कसली काळजी? फौजेत अठरा वर्षं सिग्नलला काढलेली! अंगणातल्या शेवग्यावर रोज सकाळी होला घुमायचा. त्यांनी फांदीला टेपरेकॉर्डर टांगला, बटण दाबलं आणि आंघोळीला गेले. नंतर दोन मिनिटं ऐकून बघितलं. घुटर्र घूं! झकास! पुढचं ऐकून सेल कशाला जाळायचे?

रविवारी घरामागच्या रानात दोघं कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसले. मंडपवाल्याकडनं आणलेला कर्णा पलीकडं बाभळीला बांधला होता. लालासाहेबांच्या मांडीवर ठासणीची बंदूक.

घुटर्र घूं! आवाज सगळ्या शिवारात घुमला. तारेवरचे तीन होले दचकून उठले आणि थेट कराडच्या दिशेनं गेले.

"गेली की वो!"

"टेहळणीला गेल्यात. कळप घिऊन येतील."

तेवढ्यात कर्ण्यातून लालासाहेबांच्या मंडळी, हरणाबाई, गरजल्या, "याऽऽ या या या! तीऽ तीऽ तीऽ!"

लालासाहेबांना दरदरून घाम फुटला. होला घुमायची आणि हरणाबाईंनी कोंबड्यांना दाणे टाकायची वेळ एकच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं! ते टेपकडं धावणार, तोच बांधावरच्या गवतात खसफस झाली.

"आलं, आलं! हाणा!" नाथाजीराव ओरडले.

हुकूम ऐकला की फौजी हात थांबतोय व्हय? धडाम! धूर ओसरला, तर हरणाबाईंचा लाडका तुरेवाला कोंबडा आडवा. मागं वस्तीवरच्या तीस-चाळीस कोंबड्या, दाण्याची वाट बघत कर्ण्याकडं माना वर करून उभ्या!

नशीब, नाथाजीराव धुरानं झोंबलेले डोळे पुसत होते. लालासाहेबांनी कोंबडा झटक्यात पोत्यात कोंबला. "पडला होला! चला घराकडं!"

स्वयंपाकघरात हरणाबाईंनी पोतं उघडलं आणि कपाळ बडवून घेतलं. "आवं, डोळं फुटलं हुतं का तुमचं?"

"हळू बोल! पोरीच्या लग्नाचा सवाल हाय. होला म्हणून वाढ."

बिचाऱ्या रडत वाढत होत्या. नाथाजीरावांनी विचारलं, तर म्हणाल्या कांदा तिखट हाय. नाथाजीरावांनी तंगडी उचलून निरखली. "होला लय मोठा दिसतोय."

"हिकडचं पाणीच तसं हाय," लालासाहेब म्हणाले.

नाथाजीरावांनी दोन वाट्या रस्सा ओरपला, हात धुतले, मिशा पुसल्या. "आणा सुपारी, फोडू!"

लालासाहेबांचा जीव भांड्यात पडला. निघताना दारात पायताण घालता घालता नाथाजीरावांनी हात पुढं केला.

"ती कॅसेट तेवढी द्या आमाला."

"होलं हायत व्हय तुमच्याकडं?"

"होलं न्हाईत वो. शेजाऱ्याच्या कोंबड्या लय माजल्यात."