बेचाळीस चुली आणि एक शून्य

अनुदान मिळवणं म्हणजे सृष्टीच्या डाव्या हाताचा मळ होता! निदान वस्तीवर सांगताना तिनं तसंच सांगितलं. वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून नववीतल्या या मुलीचा आवाज दोन पट्ट्या वर चढला होता. त्यात तिच्या वाचनात पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात आली : कार्बन कमी करणाऱ्या वस्त्यांना सामूहिक बायोगॅससाठी अनुदान!

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात ना, त्या अंगाच्या मळ्यांत ही बेचाळीस घरांची वस्ती. सगळे झेंडूवाले. न खपलेली फुलं बांधावर ढिगानं सडतात आणि शेणाला तर तोटाच नाही. म्हणजे बायोगॅसला लागतं ते सगळं हजर! सिलेंडर घरोघरी होता, पण पाहुण्यांच्या चहापुरता. बाकी सगळं चुलीवर. सृष्टीला रोज पहाटे जाग यायची ती आईच्या खोकल्यानं. गजराचं घड्याळ त्या घरात कधी लागलंच नाही.

"आई, दिवाळीच्या आत तुझी चूल बंद!"

"बरं बाई. तोवर ती फुंकणी दे इकडं."

फॉर्ममध्ये प्रश्न एकच महत्त्वाचा होता : घरात रोज किती लाकूड जळतं? सृष्टीनं गळ्यात शाळेचं ओळखपत्र अडकवलं, काखेत फाईल मारली आणि कलेक्टरच्या थाटात निघाली. इथंच सगळा घोळ झाला. सृष्टी घरची होती हो, पण फाईल घरची नव्हती! फाईल घेऊन आलेला माणूस लाकडाचं विचारायला लागला, की वस्तीला एकदम वनखातं दिसतं.

"लाकूड?" भिमाजीकाकांनी कानाला हात लावले. "आमच्यात काडेपेटीबी नाय!"

त्यांच्या पाठीमागून चुलीचा धूर भसाभसा बाहेर येत होता.

"मग काका, हे काय?"

"ते? धुकं हाय ते."

एप्रिलातली दुपार, डोक्यावर ऊन रणरणतंय, आणि धुकं!

पलीकडच्या नवसाबाईंनी तर चुलीवर बादली पालथी घातली आणि स्वतः वर बसल्या. "चूल? कसली चूल? बसायला पाट हाय माझा!" बोलता बोलता त्या हळूहळू उभ्या राहिल्या, कारण पाट तापला होता.

सृष्टीनं काय करावं? तिनं आनंदानं सगळीकडे शून्य लिहिलं! तिला वाटलं, स्वच्छ गावाला बक्षीस मिळतं, तसं ज्याचा धूर कमी त्याला अनुदान. शेवटी ती स्वतःच्या घरी आली.

"आई, आपलं काय लिहू?"

"खरं ते लिही," आई डोळे पुसत म्हणाली.

सगळ्या वस्तीत एकटं आपलंच घर धुरकट दिसणार! सृष्टीनं पटकन शून्य लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

आठवड्यानं संस्थेच्या दिशाताईंचा फोन आला.

"अभिनंदन! तुमची वस्ती आधीच धूरमुक्त आहे. इतर गावांना मार्गदर्शन करायला याल का?"

"येईन की! आणि आमचा बायोगॅस?"

"अगं, जे जळतच नाही ते कमी कसं करायचं? अनुदान आहे ते धूर कमी करण्याला."

सृष्टीचा आवाज दोन पट्ट्या खाली आला. तिनं गयावया केली तेव्हा ताई म्हणाल्या, "दोन दिवसांत दुरुस्ती पाठव. मग मी स्वतः बघायला येते."

सृष्टी मारुतीच्या देवळातल्या माइकवर गेली. "लाकडाचं खरं सांगा हो! ज्याचा धूर त्यालाच गॅस!"

मग काय! भिमाजीकाका दारातच उभे. "लिही, रोज बैलगाडीभर."

"काका, परवा काडेपेटी नव्हती!"

"आज आणली."

"लय लागतं गं आमाला," नवसाबाई म्हणाल्या. "म्हशीलाबी ऊन पाण्यानं आंघोळ घालते मी."

एक्केचाळीस घरं फिरून सृष्टीनं बेरीज केली, तर वस्ती महिन्याभरात आख्खा डोंगर जाळत होती.

पाहणीच्या दिवशी आकडा खरा दिसावा म्हणून प्रत्येकानं ओली बाभूळ चुलीत सारली. एवढा धूर झाला की दिशाताई नमस्कार करत होत्या म्हशीला! रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी फोन केला आणि घंटा वाजवत अग्निशमनचा बंबही आला.

"पुरे!" ताई खोकत ओरडल्या. "तोंडी हिशेब बंद. झेंडू तोलायचा काटा आणा. उद्या सकाळी प्रत्येकानं एका दिवसाचं लाकूड तोलून दाखवायचं."

दुसऱ्या सकाळी काटा झाडाला टांगला. सृष्टी आकडे पुकारत होती, ताई दुरुस्तीच्या यादीवर खुणा करत होत्या. भिमाजीकाकांची बैलगाडी पाच किलोंवर आली. म्हैस तर आंघोळीतून पार वगळली गेली.

जूनमध्ये मंजुरीचं पत्र आलं. सृष्टीनं ते देवळासमोर खड्या आवाजात वाचलं. टाळ्या! शिट्ट्या! शेवटच्या ओळीला मात्र तिचा आवाज बसला. जोडणी एक्केचाळीस घरांना. बेचाळिसाव्या घरात लाकूड मुळीच जळत नसल्याचं त्या घरानं सही करून कळवलं आहे.

दुरुस्तीसाठी ती सगळी घरं फिरली होती. राहिलं होतं फक्त स्वतःचं!

फोनवर दिशाताई हळहळल्या, पण म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षीच."

संध्याकाळी आई बांधावरून मोळी घेऊन आली, तेव्हा सृष्टीनं ती तिच्या डोक्यावरून उतरवून घेतली आणि काट्याला लावली. साडेसहा किलो. मग वहीत गुणाकार केला : वर्षाला सव्वादोन टनांच्या वर. एवढं सगळं आई डोक्यावरून आणत होती, आणि लेकीनं एका सहीत त्याचं शून्य केलं होतं.

"आई, उद्यापासून चूल मी पेटवणार. गॅस येईपर्यंत."

"तू? बघू," आई म्हणाली. पण फुंकणी तिनं दिली.

पहाटे सृष्टीनं फुंकर मारली. घरभर धूर, डोळ्यांतून धारा, चूल ढिम्म! कुंपणापलीकडून भिमाजीकाकांनी मान उंचावली.

"काय गं सृष्टे, धूर कशाचा एवढा?"

सृष्टीनं खोकत खोकत नाक पुसलं.

"धुकं हाय, काका."